केसालाही धक्का

१

या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवणार नाही. ठेवावा असा आग्रहही नाही. कारण हिच्यात जो माणूस हयातभर थापा मारत आला त्याच्याच थापेतून खरं बाहेर पडलं, आणि ज्यानं घसा कोरडा करून खरं सांगितलं त्याचं कोणी ऐकूनच घेतलं नाही. असं कधी होतं का? होत नाही. पण झालं.

सकाळचे नऊ वाजले होते. तंतुवाद्यांच्या संग्रहालयातल्या लांबट दालनात ताईनं काचेच्या पेटीत टॉर्च मारला आणि तो तिथंच धरून ठेवला.

"मावशी, फडकं खाली ठेवा. आता कशालाच हात लावू नका."

साफसफाईच्या मावशी पेटीत कोपरापर्यंत हात घालून पुसत होत्या. पेटीतला दिवा कालपासून बंद होता, त्यामुळे चाचपतच काम चाललं होतं. त्यांनी हात बाहेर काढला. "काय झालं? झुरळ?"

"तार गेली."

ताई म्हणजे या घरातली वाद्यांची डॉक्टर. कोणाचं पोट उकललं, कोणाची मान वाकली, कोणाची खुंटी सैल झाली, तीनशेच्या तीनशे रोग्यांचं तीच बघायची. आणि काय एकेक रोगी! अर्ध्या भोपळ्यावर कातडं ताणून एकवीस तारा लावलेला कोरा. दोनच तारांचा एरहू, ज्याचा वाजवायचा गज त्या दोन तारांच्या मध्येच अडकलेला असतो आणि जन्मभर सुटत नाही. खवल्यांच्या प्राण्याच्या पाठीचं केलेलं, जेमतेम दीड हाताचं चरांगो. पोटुशीसारखा गोल ऊद. सारंगी, आणि बर्फाच्या मुलखातलं तिचं लांबचं भावंड, एक नक्षीदार फिडल. या दोघींना मुख्य तारांखाली आणखी तारा असतात, तरफेच्या. त्यांना कोणी बोट लावत नाही. वरची तार बोलली की त्या आपणहून गुणगुणतात. ताई पहिल्यांदा या दालनात आली तेव्हा तिला शिंक आली होती, आणि तीनशे वाद्यांनी हलकेच हुंकार दिला होता. त्या दिवसापासून ती इथं चपला काढून चालायची.

पण पेटीतलं वाद्य निराळंच. मोरिन खूर. लांब मान, मानेच्या टोकाला कोरलेलं घोड्याचं डोकं, खाली चौकोनी लाकडी पोट. तारा फक्त दोन, आणि त्याही धातूच्या नाहीत, घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या. बारीक तार एकशे पाच केसांची. जाड तार एकशे तीस केसांची. पीळ नाही, वेणी नाही, केसाला केस लावून नुसते ताणलेले.

जाड तार जागेवर नव्हती. एका तारेचा भार गेल्यानं, तारा जिच्यावर टेकतात ती खालची लाकडी घोडी कलली होती.

"घोडी कललीय," ताई पुटपुटली.

"घोडी?" दारातला पहारेकरी आत डोकावला. "आत घोडी कुठून आली? मी कोणाला सोडलेलं नाही."

तेवढ्यात संचालक साहेब आले. त्यांनी पेटी पाहिली, घड्याळ पाहिलं आणि मग ताईकडे पाहिलं.

"चार वाजता आजी येणार आहेत," ते म्हणाले, "हे तुला आठवतंय ना?"

आठवत होतं. वाद्य आजींचं. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी ते इथं ठेवायला दिलं होतं. आज येऊन, एकदा वाजवून, त्या ठरवणार होत्या: वाद्य कायमचं इथं राहील की परत जाईल. त्यांचे वडील गेल्यापासून तीस वर्षं त्यातून सूर निघाला नव्हता. आणि ठेवताना केलेल्या कागदावर एक वाक्य होतं: 'वाद्याच्या केसालाही धक्का लागणार नाही.' वाक्य साहेबांचं. आपल्या विनोदावर ते स्वतःच दोन दिवस हसत होते. सही मात्र ताईची होती.

"चोरी आहे ही! किल्ली तुझ्याकडे, सही तुझी. चारच्या आत तार सापडली नाही तर पोलिसांना मी दुसरं कोणाचं नाव सांगू? आणि या वाद्यांना पुन्हा हात लावायची आशा सोड."

"दुसरी किल्ली तुमच्याकडे असते, साहेब."

"ती माझ्या कपाटात आहे! माझ्यावर येतेस?"

कोपऱ्यातल्या शिडीवरून वायरमन खाली वाकला. आठ महिने तो या दालनातले जुने दिवे काढून नवे लावत होता. आता तो शिडीचाच एक भाग झाला होता, कोणाला दिसायचा नाही.

"साहेब, तारेचंच म्हणायचं होतं. ती तार—"

"इथं आभाळ फाटलंय आणि तुला तुझ्या तारांचं पडलंय! अकलेचे तारे तोडू नकोस. खाली उतर. आज वीजबीज काही नाही. इथं चोर शोधायचाय, चोर!"

वायरमन उतरला. 'चोर' शब्दानं त्याचं तोंड जे मिटलं ते मिटलंच.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच वेळी दारातून खर्जातला आवाज आला.

"मेलं कोण? कोणीच नाही? मग चहा होऊ द्या की."

२

हे मामा. ताईचे सख्खे मामा, आणि हळूहळू सगळ्या घराचे. पूर्वी इथंच तारा चढवायचे. आता निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण सकाळी साडेनऊला दालनाला लागून असलेल्या ताईच्या दुरुस्तीच्या कारखान्यातल्या स्टुलावर हजर. त्यांच्या थापा इतक्या ताज्या असत की लोक त्यांना 'लोणकढे' म्हणत. नव्या माणसांना ते आडनावच वाटे. एकदा तर त्या नावानं टपाल आलं आणि त्यांनी सही करून घेतलं.

"मामा, आज थापा नकोत," ताई म्हणाली. "मी बुडाले."

"बुडालेल्या माणसाला माझ्याइतकं कोण ओळखतं? मी एकदा ऊदाच्या पोटात बसून नदी ओलांडली होती."

"मामा!"

"बरं, बरं. दाखव."

मामा पेटीसमोर उभे राहिले आणि गप्प झाले. त्यांचं गप्प होणं हीच त्या दिवसातली पहिली विलक्षण गोष्ट. हात मागे बांधून, नाक काचेच्या कडेला लावून, ते नुसते बघत राहिले.

"पोरी," शेवटी ते हळू म्हणाले, "वाऱ्यावर उडणाऱ्या शेपटीला धरून कोणीतरी गाणं करायला लावलं. पहिल्यांदा हे ज्याला सुचलं असेल ना, त्याच्यापुढं माझ्या सगळ्या थापा झक मारतात." मग त्यांनी घसा खाकरला. "खुंटी बघ. काय दिसतं?"

ताईनं टॉर्च धरला. "सैल आहे."

"तुटलेय का? ओरखडा?"

"नाही. सावकाश उलटी फिरवलीय. मी फिरवते तशी."

"म्हणजे चोरानं तार कापली नाही, उतरवली. चोराला घाई असते गं. याला नव्हती. आता गज काढ."

गज पेटीतच, वाद्याशेजारी होता. ताईनं तो उजेडात धरला. गजाच्या केसांवर पांढरट पिवळी भुकटी बसली होती.

"राळ!" ती दचकली. राळ लावल्याशिवाय गज मुका. नुसते केस केसांवरून घसरतात, सूर निघत नाही. तीस वर्षं न वाजलेल्या वाद्याच्या गजावर राळ असायचं कारणच नव्हतं.

"पेटीतही होती भुकटी," मागून मावशी म्हणाल्या. "पांढरी पांढरी. मी पुसली. मला काय ठाऊक ती पुरावा आहे म्हणून? तशी चिठ्ठी लावायची."

"म्हणजे कोणीतरी हे वाजवलं," ताई म्हणाली. तिला राग यायला हवा होता, पण आधी हेवा वाटला. "मामा, कोणीतरी हे ऐकलं!"

मामांनी गजाच्या केसांतून करंगळीच्या नखानं काहीतरी टिपलं आणि तळहातावर ठेवलं. मोहरीपेक्षाही बारीक, चकचकीत, राखाडी मणी.

"हे काय?"

"काय असेल ते असो," मामा म्हणाले आणि मणी खिशात टाकला. "राळ कोणाकडे असते?"

ताईला एकच माणूस आठवला, आणि तो याच क्षणी साहेबांच्या खोलीत बसून कॉफी पीत होता.

३

पाहुणे वादक फार मोठे व्हायोलिनवाले. आजींच्या आगमनाप्रीत्यर्थ चार वाजता त्यांचंही वादन होतं. बोटं इतकी निगुतीनं ठेवलेली की ते कपाचा कानही दुसऱ्याला धरायला सांगत असावेत.

"काल सकाळी अकराला मी ते वाद्य पाहिलं, खरंय," ते म्हणाले. "या ताईंनीच पेटी उघडली. तेव्हा दिवा चालू होता. दोन्ही तारा होत्या आणि गज कोरडा होता. मी बघतोच ते."

"वाजवावंसं नाही वाटलं?" मामांनी विचारलं.

"वाटलं." वादक थोडे थांबले. "हात पुढे केला होता. मग भीती वाटली. मला तीस देशांत टाळ्या मिळाल्यात हो, पण त्या घोड्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी पायी आलोय."

त्यांनी आपली राळ काढून दाखवली. मखमलीत गुंडाळलेली, गडद तांबडी, आरपार उजेड जाणारी. मामांनी ती नखानं खरवडून बघितली, हुंगली आणि परत दिली.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "गजावरची पिवळी होती. ही नव्हे."

"डोळे शाबूत आहेत तर. आता सांग, वादकांनंतर पेटी कोणी कोणी उघडली?"

"कोणीच नाही. म्हणजे वादक गेले आणि पेटीतला दिवा गेला. दोन वाजता वायरमनदादांना उघडून दिली. इतक्यात साहेबांनी बोलावलं, या सोहळ्याच्या खुर्च्या कशा मांडायच्या म्हणून. अर्धा तास पिडलं. परत आले तर दादा म्हणाले, ताई, आतली एक तार तुटलीय, उद्या सकाळी जोडून लावतो, दिवाही तेव्हाच बघतो. मी बरं म्हटलं, कुलूप घातलं. आज सकाळी मावशींसाठी उघडली, तेव्हा हे दिसलं. मामा, मला तर साहेबांचाच संशय येतोय. तार नसली तर आजी वाजवणार कशा? वाजवल्याशिवाय नेणार कशा? वाद्य आयतं इथंच राहील."

"साहेबांना खुंटी कुठल्या बाजूला फिरते ते ठाऊक आहे का?"

ताईला तशाही स्थितीत हसू आलं. साहेबांनी एकदा कोरा उलटा टांगला होता आणि दोन महिने तो तसाच लोकांना दाखवला होता.

पहारेकरी दाराशी बसला होता. तो इतका कमी बोलायचा की सगळे त्याला 'कुलूप' म्हणत. मामांनी त्याच्यासमोर बैठक मारली आणि किल्ली फिरवली.

"माझ्या वेळी इथं एक पहारेकरी होता. त्याला कान इतके तिखट की मुंगी घसरून पडली तर हा विचारायचा, लागलं का?"

"मलाही येतं ऐकू," कुलूप दुखावून म्हणाला. "कालच ऐकलं."

"काय?"

"गुणगुण. दोन-अडीचला. माश्यांचं पोळं असावं तशी. अख्खं दालन. माझ्या खुर्चीचा पायसुद्धा थरथरत होता. मी आत जाऊन वायरमनला म्हटलं, बाबा, तुझी वीज कुठं गळतेय बघ."

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. डोळे पुसत होता. धूळ गेली असेल."

ताईनं निराशेनं मान हलवली. वीज, दिवे, धूळ! आणि घड्याळात बारा वाजून गेले होते.

पण मामा मात्र पहारेकऱ्याकडे अशा नजरेनं बघत होते की जणू त्यानं हातात हिरा ठेवलाय. "कुलूपराव," ते म्हणाले, "तुमची वही बघू."

४

आत काय आलं, बाहेर काय गेलं, ते पहारेकरी लिहून ठेवायचा. मामांनी कालचं पान काढलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि हसू लागले. आधी गालात, मग पोटात, शेवटी खुर्चीला धरून.

"मामा, माझी नोकरी चाललीय आणि तुम्ही हसता?"

"पोरी, या घरानं काल एका माणसाला काय मामा बनवलंय! की त्यानं घराला बनवलं? नाही, तो बिचारा बनवणाऱ्यातला नाहीच."

"कोण?"

"सांगणार नाही."

"सांगणार नाही म्हणजे?"

मामांनी डोळे पुसले. आवाज एकदम खाली आला. "मी नाव घेतलं तर तो पकडला जाईल. पकडलेला माणूस चोर होतो. त्याचं त्यानं बोललं पाहिजे, म्हणजे तो माणूस राहील. अडीच वाजता सगळ्यांना दालनात बोलाव. सगळ्यांना. शिडीवाल्याला, फडकंवालीला, साहेबांनाही."

"आणि तुम्ही काय करणार?"

"जे मला येतं ते," मामा म्हणाले. "थाप मारणार."

५

अडीच वाजता दालनात आजींसाठी मांडलेल्या खुर्च्यांवर सगळे बसले. साहेब पुढं, घड्याळाकडे बघत. वादक बोटं चोळत. मावशी फडकं मांडीवर ठेवून. कुलूप दाराला टेकून. वायरमन शेवटच्या खुर्चीवर, अवजारांची पिशवी पोटाशी धरून. भिंतीवरून तीनशे वाद्यं ऐकत होती.

"कोणाला खरं वाटणार नाही," मामांनी सुरुवात केली, "पण हा पेटीतला घोडा मी ऐकलाय."

"तुम्ही?" साहेब म्हणाले. "तीस वर्षांत कोणी ऐकला नाही."

"तीस वर्षांपूर्वीचीच गोष्ट. एका जत्रेत आजींचे वडील वाजवत होते. गज टेकवला मात्र, आणि हा जो खिंकाळला! खिंकाळला म्हणजे काय, कानात खिळा ठोकावा तसा. पत्र्यावर पत्रा घासावा तसा कर्कश. टांग्याचे घोडे दोर तोडून पळाले. घरांवरची कौलं उडून शेजाऱ्यांच्या घरावर बसली, ती अजून परत केलेली नाहीत. मुलांच्या चक्री पाळण्यातले लाकडी घोडे होते ना, तेसुद्धा खिळे उपटून चौखूर सुटले. वर बसलेली पोरं घरी परतली तेव्हा त्यांना मिशा फुटल्या होत्या."

मावशी खुदकन हसल्या. वादकांनी डोळे मिटून घेतले. साहेब म्हणाले, "हे काय चाललंय?"

"मी तर कानात बोटं घातली," मामा रेटतच होते. "म्हटलं, असलं बेसूर, भसाडं, घाणेरडं लाकूड चुलीत घालावं. ज्यानं कोणी ही तार काढली त्यानं जगावर उपकारच केले. तो आवाज म्हणजे—"

"खोटं!"

खुर्ची सरकली. वायरमन उभा होता. पिशवी खाली पडून आतली पक्कड, पेचकस घरंगळले होते आणि त्याला त्याचं भान नव्हतं.

"साफ खोटं! तसा नाही वाजत तो. खिंकाळत नाही, काही नाही. मामा, तुम्ही ऐकलेलंच नाही त्याला."

"मग कसा वाजतो?" मामांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

"तो..." वायरमननं हात वर केले. शब्द हवेत असतील तर धरावेत, तसे. "थंडीत ट्रान्सफॉर्मरजवळ उभं राहिलं ना, की जमिनीतून गुंजन चढतं. पायातून. तसं आधी पायात आलं. मग गुडघ्यात, मग छातीत. कानाला सगळ्यात शेवटी कळलं. मी गज जरासाच ओढला होता हो, एवढाच. आणि मग भिंतीवरची..." त्यानं भिंतींकडे बोट फिरवलं. "सगळी. ती भोपळ्याची, ती सारंगी, ती फिडल. कोणी हात लावला नव्हता. सगळी बोलायला लागली. मी एकट्यानं वाजवलं आणि अख्खं घर..."

तो थांबला. काय बोलून गेलो हे त्याला तेव्हा कळलं.

वादक सर्वांत आधी बोलले. "आधी पायात," ते स्वतःशीच म्हणाले. "अरे देवा. मी का नाही वाजवलं?"

"चोर!" साहेब उठले.

"बसा साहेब," मामा म्हणाले. "चोर कधी सांगून चोरी करतो का? यानं तिघांना सांगितलंय. वही आण रे कुलूपराव. वाच."

पहारेकऱ्यानं वाचलं. "वायरमन. एक तार, तुटकी. जोडायला घरी."

"विजेची तार कोणी जोडायला घरी नेतं का? तिथंच चिकटपट्टी लावतात. यानं पेटीपाशी ताईला सांगितलं, आतली एक तार तुटलीय. ताईला वाटलं दिव्याची. दारात याला सांगितलं, यानं लिहूनही घेतलं. आणि आज सकाळी शिडीवरून तुम्हाला सांगत होता, साहेब, तर तुम्ही त्याला अकलेचे तारे तोडू नकोस म्हणालात. तारवाला तार म्हणाला की ती विजेचीच, असं सगळ्या घरानं ठरवून टाकलं!"

ताईचा चेहरा उतरला. माझ्याच कानात सांगितलं होतं त्यानं, तिला वाटलं. वाद्याच्या पेटीसमोर उभं राहून, मला, तारांच्या डॉक्टरला, तार तुटली म्हणाला. आणि मी दिव्याकडे बघितलं.

"बाकी सरळ होतं," मामा म्हणाले. खिशातून तो बारीक मणी काढून त्यांनी ताईच्या तळहातावर ठेवला. "कथील. सोल्डरिंग करताना, म्हणजे तारा डागताना उडतं. आणि सोल्डरिंगवाल्याच्या डबीत काय असतं?"

"राळ," ताई म्हणाली.

"तीच ना, ताई?" वायरमन घाबरत म्हणाला. "तुम्ही कारखान्यात गजाला लावता ती? मी शिडीवरून बघायचो. खुंटी कशी फिरवता तेही. आठ महिने ऐकत होतो, तीस वर्षं बंद आहे, तीस वर्षं बंद आहे. बंद दिवा दिसला की बटण एकदा तरी दाबून बघायचं, ही आमची सवय. दुसऱ्या ओढीला टोकाशी केस तुटले. नऊ. मी एकही पडू दिला नाही."

त्यानं पिशवीच्या तळातून स्वच्छ रुमाल काढला. आत काळीभोर, गुंडाळलेली तार होती.

"माझी आई चाळीस वर्षं ब्रशच्या कारखान्यात होती. घोड्याचेच केस विंचरायची. तिनं रात्रीत गाठ मारून दिली. सकाळी लावणारच होतो, पण साहेब चोर म्हणाले आणि... माझी जीभच उचलेना, ताई. तुमच्यावर येतंय हे दिसत होतं. तरी उचलेना."

ताईनं रुमाल हातात घेतला. गाठ शोधायला तिला टॉर्च लागला. इतकी ती बारीक होती.

"सव्वातीन," साहेब म्हणाले. ते घामाघूम झाले होते. "लाव ती. आणि ऐका सगळ्यांनी. आजींना यातलं एक अक्षर कळता कामा नये. कागदावर काय लिहिलंय आठवतंय ना? त्यांना कळलं तर वाद्य जाईल, आणि वाद्य गेलं तर ताई आणि हा, दोघंही जातील."

मामांनी छातीवर हात ठेवला. "खोटं बोलायचं खातं माझ्याकडे द्या."

६

आजी बरोबर चारला आल्या. लहानशा, वाकलेल्या, हातात काठी. कोणाचा हात धरला नाही. वादकांना नमस्कार केला, साहेबांचं भाषण अर्ध्यावर तोडलं, वाद्य मागितलं आणि ते गुडघ्यांमध्ये धरून बसल्या. वायरमन दाराबाहेर, अर्धा आत, अर्धा बाहेर.

आजींनी गज टेकवला.

आधी पायात आलं. ताईच्या अनवाणी तळव्यांतून वर, गुडघ्यांतून, पोटातून. मग कानाला कळलं की हा सूर आहे. गवत वाकावं तसा तो दालनभर वाकत गेला आणि भिंतीवर पोचला. सारंगीच्या तरफा जाग्या झाल्या. फिडल कुजबुजली. कोऱ्याच्या एकवीस तारा, ऊदाचं पोट, दीड हाताचं चरांगो, एकेक करून सगळ्यांनी हुंकार भरला. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतली, एकमेकांची भाषा न कळणारी तीनशे लाकडं एका घोड्याच्या शेपटीला ओ देत होती. मावशींनी फडकं तोंडाला लावलं. साहेबांनी, कधी नव्हे ते, घड्याळाकडे बघितलं नाही.

आजी थांबल्या. हुंकार मात्र थोडा वेळ चालूच राहिला. त्यांनी अंगठा जाड तारेवरून खाली नेला, टोकाशी आणला, आणि तिथं तो थबकला.

ताईनं मामांकडे पाहिलं. मामा पुढं झाले.

"आजी, कोणाला खरं वाटणार नाही," ते छातीठोकपणे म्हणाले, "पण आठ महिन्यांत माणसाचं बोट सोडा, माशीसुद्धा याच्यावर बसली नाही. एक माशी आली होती, तिला मी समजावून परत पाठवलं. तुम्ही ठेवलंत तसंच्या तसं. केसालाही धक्का—"

"खोटं!" आजी म्हणाल्या.

दालनात टाचणी पडली असती तरी तीनशे वाद्यं वाजली असती.

"तीस वर्षं झोपलेलं वाद्य पहिल्या गजाला उठत नाही हो, थापाडे. कुरकुरतं. आठवडाभर रुसतं. याला कालच कोणीतरी उठवलंय. आणि ही गाठ माझी नाही, माझी इतकी चांगली कधीच बसली नाही." त्यांनी वाद्य पोटाशी धरलं आणि दाराकडे मान वळवली. "मी आज याला परत न्यायला आले होते. ज्या घरात याच्या केसालाही धक्का लागत नाही, तिथं ठेवून काय करू? तो दारात अर्धा उभा आहे ना, माझा अंगठा गाठीशी आला तसा मागे सरकलेला, त्याला आत बोलवा. आणि तुम्ही जरा सरका, त्याला बसू द्या."